अ‍ॅपमुळे झोप आली की पेपर संपल्यामुळे?

यावल तालुक्यातला माझा भाचा बारावीला होता तेव्हाची गोष्ट. फेब्रुवारीत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्याचा डोळा लागेना, म्हणून त्याने मोबाइलवर झोपेचं एक अ‍ॅप घेतलं. एप्रिलमध्ये भेटला तेव्हा स्वारी खूश. "मामा, आता अकराला आडवा झालो की खल्लास!" मी विचारलं, "पेपर कधी संपले रे?" तो नुसता हसला. पेपर मार्चमध्येच संपले होते.

झोपेच्या अ‍ॅपची चाचणी घेणाऱ्यांपुढे हाच पेच असतो. माणूस उपाय शोधतो तो हाल अगदी वाईट झाल्यावर, आणि त्यानंतर झोप आपसूकही थोडी सुधारते. श्रेय मात्र हाताशी असलेला उपाय घेऊन जातो. त्यात या वयाचं शरीरही साथ देत नाही. वयात येताना आतलं घड्याळ मागे सरकतं, झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागतं. गरज ८ ते १० तासांची, आणि क्लास सकाळी सहाचा!

चांगल्या अ‍ॅपमध्ये असते निद्रानाशासाठीची सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्याची उपचारपद्धती. तिच्यातला एक भाग ऐकायला उफराटा वाटतो. मुलगा नऊ तास अंथरुणात असतो आणि झोपतो साडेसहा तास, म्हणजे जेमतेम ७२ टक्के. मग अंथरुणातला वेळच कमी करायचा, सातेक तासांवर आणायचा. हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या पुढे गेलं की तो हळूहळू वाढवायचा. वाढत्या वयात हा वेळ फार कापून चालत नाही, म्हणून इथे बेताने घ्यावं लागतं. दुसरा नियम असा, की अंथरूण फक्त झोपेसाठी. सकाळी गादी गुंडाळून ठेवणाऱ्या आपल्या घरांना तो पलंगवाल्यांपेक्षा सोपा जावा, असं मला वाटतं.

हे खरंच चालतं का? नेदरलँड्समध्ये निद्रानाश असलेल्या ११६ किशोरांवर झालेली चाचणी २०१५मध्ये प्रसिद्ध झाली. कोण कुठल्या गटात जाणार, हे नशिबावर सोडलं होतं. एका गटाला इंटरनेटवरून उपचार, दुसऱ्याला समोरासमोर बसवून, तिसऱ्याला नुसती प्रतीक्षायादी. मनगटावर हालचाल मोजणारं यंत्र आणि सोबत झोपेची नोंदवही. उपचार घेतलेल्या दोन्ही गटांची झोप प्रतीक्षेतल्या मुलांपेक्षा सुधारली.

तरी एक शंका उरतेच. वाट बघणाऱ्याला ठाऊक असतं की आपल्याला काही मिळालेलं नाही. त्यापेक्षा दुसऱ्या गटालाही काहीतरी, निदान झोपेच्या सवयींची माहिती तरी द्यावी. मग नवं काही मिळाल्याची उमेद दोन्हीकडे राहते. शिवाय मुलं अ‍ॅप मध्येच सोडतात. निकाल फक्त शेवटपर्यंत टिकलेल्यांचा काढला तर? केळीच्या बागेत सीएमव्ही या विषाणूच्या रोगामुळे उपटलेली झाडं सोडून द्यायची आणि घड धरलेलीच मोजून 'पीक झकास' म्हणायचं, तसं ते होईल. सुरुवातीला गटात घेतलेला प्रत्येक जण हिशेबात धरावा लागतो.

खानदेशात अशी चाचणी घ्यायची तर उन्हाळा वगळून चालणार नाही. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री घरात उष्णता सोडत बसतो. मग सगळे गच्चीवर. नऊला अंथरूण पडतं, पण गप्पा साडेदहापर्यंत. मग नोंदवहीत 'अंथरुणात गेल्याची वेळ' कोणती लिहायची? एकाच बाजेवर धाकटा भाऊ लाथा झाडत असेल, तर मनगटावरचं यंत्र ती हालचाल कोणाच्या नावावर टाकणार? उलट, टक्क जागा पण निपचित पडलेला मुलगा त्याला झोपलेलाच वाटतो.

भाषेचाही प्रश्न आहे. आमची आजी अहिराणीत 'जपी जाय' म्हणायची, म्हणजे 'झोपून जा'. पुस्तकी मराठीत जपणं म्हणजे सांभाळणं. प्रश्नावली इथे आणायची तर ती आधी इथल्या पोरांकडून वाचून घेतलेली बरी.

भाच्याच्या अ‍ॅपमधली जुनी नोंद मी मागून पाहिली. 'रात्री किती वेळा जाग आली?' दोन. 'कारण?' पर्याय होते ताण, स्वप्न, आवाज, इतर. त्याने 'इतर' निवडून लिहिलं होतं: "लाइट आली, मोटार चालू करायला गेलो."