पक्षी पाळणाऱ्या घरातील स्वयंपाकाची भांडी

तापल्यावर पिंजऱ्यातील पक्ष्याला बाधेल असा वायू किंवा सूक्ष्म कण न सोडणारी भांडी निवडण्याची आणि वापरण्याची पद्धत. यातला मुख्य धोका नॉनस्टिक लेपाचा आहे. हा लेप बहुधा पॉलिटेट्राफ्लुरोएथिलीन (पीटीएफई) या प्लास्टिकचा असतो. टेफ्लॉन हे त्याचे सर्वांत परिचित व्यापारी नाव. लेप प्रमाणाबाहेर तापला की त्यातून निघणारी वाफ दिसत नाही, तिला फारसा वासही नसतो. घरातल्या माणसांना काही कळायच्या आत पक्षी दांडीवरून खाली पडलेला असतो. नागपुरात बजरीगर (ज्यांना बहुतेक घरांत सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणतात), कॉकेटियल, फिंच, खरे लव्हबर्ड असे पक्षी पुष्कळ घरांत आहेत. त्याच घरांत पोळीचा तवा दिवसातून दोनदा कोरडाच तापत असल्याने हा प्रश्न इथे विशेष महत्त्वाचा ठरतो.

पाखराचा श्वास

माणसाच्या फुप्फुसात हवा ज्या वाटेने येते त्याच वाटेने बाहेर जाते आणि प्रत्येक श्वासागणिक थोडी शिळी हवा आत उरते. पक्ष्याचे तसे नाही. बहुतेक पक्ष्यांच्या शरीरात नऊ वायुकोश असतात. ते भात्यासारखे काम करतात आणि फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहती ठेवतात, त्यामुळे श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळी फुप्फुसाला ताजी हवा मिळते. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदाही सस्तन प्राण्यांच्या मानाने पातळ. उडायला लागणारा प्राणवायू यामुळेच पुरतो. पण हवेत विष असले तर तेही तितक्याच झपाट्याने भिनते. बजरीगरचे वजन जेमतेम तीस-चाळीस ग्रॅम, म्हणजे सहन करण्याची ताकद मुळात थोडी.

ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १८९० च्या दशकात कार्बन मोनॉक्साइडची चाहूल लागावी म्हणून कोळशाच्या खाणीत कॅनरी पक्षी न्यायचे सुचवले. ब्रिटनमध्ये ही प्रथा १९८६ पर्यंत टिकली. वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय नागपुरात आहे आणि उमरेड, कामठी, सावनेरच्या खाणींत राबणारी कुटुंबे जिल्हाभर आहेत. त्यांना यातले मर्म लगेच पटेल. माणसाआधी पाखराला कळते, कारण पाखराला आधी बाधते.

लेप, उष्णता आणि कोरडा तवा

पीटीएफई १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना ड्यू पॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत ध्यानीमनी नसताना सापडले. १९५० च्या दशकात फ्रान्समध्ये त्याचा लेप तव्यांवर चढला. मराठी घरांत तो रुळवला १९६८ मध्ये औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) सुरू झालेल्या ‘निर्लेप’ या कंपनीने. ते नाव इतके घरोघरी झाले की आजही अनेक जणी कोणत्याही कंपनीच्या नॉनस्टिक तव्याला ‘निर्लेपचा तवा’ म्हणतात. त्यामुळे ‘नॉनस्टिक आहे का’ असे विचारल्यावर ‘नाही, निर्लेप आहे’ असे उत्तर आले, तर तवा पाहूनच खात्री करावी.

लेपाच्या भांड्यासाठी २६० अंश सेल्सिअस ही मर्यादा साधारणपणे सांगितली जाते. पीटीएफई सुमारे ३२७ अंशांना वितळते आणि ३५० च्या पुढे त्याचे विघटन वेगाने होते. त्यातून अतिसूक्ष्म कण, हायड्रोजन फ्लुराइड, कार्बोनिल फ्लुराइड अशी घातक द्रव्ये हवेत येतात. माणसाला यामुळे थंडी-ताप, खोकला, छाती आवळल्यासारखे वाटणे असा त्रास होऊ शकतो. तो बहुधा दिवस-दोन दिवसांत ओसरतो आणि फ्लू समजून विसरला जातो. पक्ष्याच्या फुप्फुसात मात्र रक्तस्राव होतो, पाणी साठते. पाळीव पक्ष्यांचे असे मृत्यू १९७० च्या दशकापासून पशुवैद्यकीय लिखाणात नोंदले गेले आहेत.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे पाहू. फोडणीच्या कढईत तेल असते. शेंगदाण्याचे किंवा सोयाबीनचे तेल २६० अंशांच्या बरेच आधी धुरावते, आणि तो धूर पाहून कोणीही गॅस बारीक करते. भाजीला पाणी सुटले की भांड्याचे तापमान शंभरच्या आसपास राहते. पोळीच्या तव्यावर यातले काहीच नसते. तो कोरडा तापत ठेवायचा, मग एक पोळी उतरवून दुसरी लाटून होईपर्यंत मोठ्या आचेवर रिकामाच राहतो. तेवढ्यात दार वाजले, फोन आला, की पातळ ॲल्युमिनियमचा तवा काही मिनिटांत मर्यादा ओलांडतो. धूर नाही, करपल्याचा वास नाही. कढईपेक्षा तवा जास्त घातक तो यामुळे, आणि म्हणूनच लेपाचे एकच भांडे घरातून काढायचे झाले तर आधी तवा काढावा. पण खरे तर एकही ठेवू नये. ‘बारीक गॅसवर वापरते’ हा भरवसा एका विसरण्याने मोडतो.

कोणती भांडी चालतात

स्टेनलेस स्टील, बीड, लोखंड, काच, माती आणि लेप नसलेले ॲल्युमिनियम व हिंडालियम (जुनी माणसे ज्याला ‘जर्मनची भांडी’ म्हणतात) यांच्यातून चुलीवरच्या किंवा गॅसवरच्या तापमानाला असे विष निघत नाही. भाताचा स्टीलचा गंज (उभे पातेले), वरणाचा साधा कुकर, बिडाची कढई, लोखंडी तवा आणि सराटा (उलथणे) एवढ्यात नागपुरी घराचा सगळा स्वयंपाक होतो. सावजी रस्सा असो की वडाभात. लांब पोळी तर इथे मातीच्या उलट्या मडक्यावर भाजतात. आजीच्या काळातली ही भांडी पक्ष्यांच्या दृष्टीने आजही सर्वांत चांगली आहेत.

नागपूरहून साठेक किलोमीटरवरचे भंडारा पितळेसाठी प्रसिद्ध, त्यामुळे पितळी भांडी या भागात पुष्कळ. पितळेला आणि तांब्याला कल्हई हवी, आणि कल्हईचे कथील शुद्ध हवे, त्यात शिशाची भेसळ नको. कल्हई करताना नवसागराचा जो पांढरा धूर उठतो तो पक्ष्याला सोसणारा नाही. कल्हईवाला अंगणात बसला तर पिंजरा घराच्या पार दुसऱ्या टोकाला न्यावा. पक्ष्याच्या दाण्या-पाण्याच्या वाट्या स्टीलच्या घ्याव्यात. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याच्या वाट्यांतले जस्त पोटात गेल्यानेही पक्षी दगावतात.

बिडाच्या तव्यावर धिरडे चिकटते म्हणून लोक नॉनस्टिककडे वळतात. त्यावर जुना उपाय आहे. तवा नीट तापू द्यावा, अर्धा कांदा तेलात बुडवून त्यावर फिरवावा आणि मगच पीठ घालावे. पहिले धिरडे बिघडते, तिसऱ्यापासून सुटू लागते. नवा तवा वळणावर आणायला मात्र तेल लावून धुरावेपर्यंत तापवावा लागतो. ते काम गच्चीवर किंवा अंगणात करावे, पक्षी ज्या घरात आहे तिथे करू नये.

खोक्यावरचे शब्द

सर्वांत जास्त फसगत ‘पीएफओए-मुक्त’ या शब्दाने होते. पीएफओए हे लेप बनवताना वापरले जाणारे एक वेगळे रसायन. ते माणसाला आणि पर्यावरणाला घातक असल्याने २०१९ मध्ये स्टॉकहोम करारात बंदीच्या यादीत गेले. ते नसले तरी लेप पीटीएफईचाच असू शकतो, आणि पक्ष्याला मारतो तो पीटीएफई. ‘ग्रॅनाइट’, ‘मार्बल’, ‘स्टोन’ ही नावे अनेकदा फक्त रंगाची आणि ठिपक्यांची असतात. खाली पुन्हा पीटीएफईच. खरा सिरॅमिक लेप सिलिकापासून बनतो आणि त्यात पीटीएफई नसते, पण दुकानात ‘सिरॅमिक’ हा शब्दही सैल वापरला जातो. हार्ड ॲनोडाइज्ड भांडी दोन प्रकारची मिळतात: नुसती, जी चालतात, आणि वरून नॉनस्टिक लेप दिलेली, जी चालत नाहीत. इतवारीत किंवा सीताबर्डीवर खरेदी करताना दुकानदाराला ‘पीटीएफई आहे का’ एवढाच एक प्रश्न विचारावा. खोक्यावर स्पष्ट उत्तर नसेल तर ते भांडे घेऊ नये.

लेप फक्त तव्यावर नसतो. सँडविच टोस्टर, रोटी मेकर, एअर फ्रायरची टोपली, इलेक्ट्रिक राइस कुकरचे आतले भांडे, इस्त्रीचा तळ, केस सरळ करायचे यंत्र, काही खोली-हीटर आणि काही उष्णता देणारे दिवे यांतही तो सापडतो. हिवाळ्यात नागपूरचा पारा दहाच्या खाली जातो. मग पाखराला ऊब म्हणून पिंजऱ्याशेजारी नवा हीटर लावला जातो. त्याच्यावर लेप नाही याची खात्री आधी करावी.

धूर आणि वारा

भांडे बिनलेपाचे असले तरी जळलेल्या तेलाचा, करपलेल्या दुधाचा आणि मिरचीच्या फोडणीचा धूर उरतोच. इथे एक गैरसमज आढळतो. पक्षी तिखट भिवापुरी मिरचीही आवडीने खातात, कारण तिखटपणा जाणवून देणारा शरीरातला संवेदक (रिसेप्टर) पक्ष्यांत मिरचीतल्या कॅप्सेसिन या तिखट द्रव्याला दाद देत नाही. त्यावरून ठसक्याचेही त्यांना काही वाटत नसेल असे लोक समजतात. तिखट न लागणे वेगळे आणि धुराचे कण फुप्फुसात जाणे वेगळे. सावजी मसाला भाजायच्या दिवशी पिंजरा दूरच्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून असावा.

पिंजरा दुसऱ्या खोलीत ठेवला की लेपाचे भांडे चालते, असे मात्र नाही. स्वयंपाकघरापासून लांबच्या खोलीतले पक्षीही अशा वाफेने मेले आहेत. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांत स्वयंपाकघर मागे, वेगळे असायचे. मनीषनगर-बेसा भागातल्या फ्लॅटमध्ये हॉल आणि ओटा यांच्यात भिंतही नसते. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसकडे सरकला की खिडक्या बंद होतात आणि हवा कुठे वाहते ते कूलर ठरवतो. कूलर हॉलमध्ये आणि एक्झॉस्ट पंखा स्वयंपाकघरात असेल तर वारा पक्ष्याकडून ओट्याकडे जातो, हे उत्तम. कूलरचे तोंड स्वयंपाकघराच्या खिडकीलगतच्या बाल्कनीत असेल, तर बाहेर टाकलेला धूर तोच पुन्हा ओढून हॉलमध्ये सोडतो. एसी बहुधा आतलीच हवा फिरवतो, म्हणून एसीच्या खोलीत पक्षी सुरक्षित आहे असे धरून चालू नये.

बाधा झाल्यास

चोच उघडी टाकून धापा टाकणे, श्वासागणिक शेपटी वरखाली होणे, आवाज घरघरणे, तोल जाणे, पिंजऱ्याच्या तळाशी बसून राहणे ही लक्षणे. गॅस बंद करून पक्ष्याला लगेच मोकळ्या हवेत न्यावे. उन्हाळ्यात सावलीत, कारण नागपूरचे ऊन त्याला वेगळा धोका आहे. पाणी किंवा औषध चोचीत ओतू नये. या विषावर उतारा नाही. प्राणवायू आणि फुप्फुसाची सूज उतरवण्याचे उपचार एवढेच हाती असते, तेही वेळेत पोचले तर. नागपूरला १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही इथेच आहे. जवळचा कोणता डॉक्टर पक्षी तपासतो हे मात्र गरज पडण्याआधीच विचारून ठेवावे.

देशी पोपट, म्हणजे आपला मिठू, पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तो जखमी सापडला तर सेमिनरी हिल्सवरील वनविभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरकडे द्यावा.

पक्षी दगावलाच तर त्याला पुरण्याआधी शवविच्छेदन करून घ्यावे. फुप्फुसे गडद लाल, ओलसर दिसली आणि त्या दिवशी तवा रिकामा तापल्याचे घरात कोणाला आठवले, तर कारण सापडले. तो तवा घराबाहेर जाईपर्यंत आणि घर पूर्ण हवेशीर होईपर्यंत उरलेले पक्षी शेजाऱ्याकडे ठेवावेत.