नगर कर्मचाऱ्यांच्या विमाहप्त्याची विभागणी (अमेरिका)

अमेरिकेतील नगरशासने आपल्या कर्मचाऱ्यांचा सामूहिक आरोग्यविमा उतरवतात. त्या विम्याच्या हप्त्यापैकी किती रक्कम नगराने भरायची आणि किती कर्मचाऱ्याच्या पगारातून कापायची, हे ठरवण्याच्या पद्धतीला हप्त्याची विभागणी म्हणतात. तिचे मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. १९४२ मध्ये पगारवाढीवर सरकारी बंधने आली आणि मालक पगाराऐवजी विम्यासारखे लाभ देऊ लागले. मालकाने भरलेला हप्ता करमुक्त असल्याचे १९५४ च्या करसंहितेने पक्के केले. त्यामुळे हा प्रश्न वरून विम्याचा दिसला तरी आतून वेतनाचाच आहे. नगराचा वाटा घटला की पगाराचा आकडा तोच राहतो आणि हातात कमी पैसे पडतात.

मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कायद्यातील प्रकरण ३२बी नगराला निम्मा तरी हप्ता भरायला लावते. त्याहून जास्त किती, हे कर्मचारी संघटनांशी वाटाघाटी करून ठरते. २०११ च्या सुधारणेने नगरांना योजनेतील इतर अटी बदलणे सोपे केले: ३० दिवस बोलणी, ती फसल्यास तीन सदस्यांचे मंडळ. हप्त्याची टक्केवारी न बदलता डॉक्टरकडे द्यावयाची रक्कम वाढवता येते आणि तो भार आजारी माणसावरच पडतो. विभागणीची चर्चा नुसत्या टक्केवारीवर थांबते तेव्हा हे नजरेआड होते.

न्यूयॉर्कची रीत वेगळी आहे. तेथील १९६७ च्या नगरकायद्यानुसार (कलम १२-१२६) कर्मचारी, निवृत्त आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले कुटुंबीय या सर्वांचा विमाखर्च नगर उचलते. मर्यादा एचआयपी-एचएमओ (ठरलेल्या डॉक्टर-रुग्णालयांकडून उपचार देणारी आरोग्ययोजना) या योजनेच्या हप्त्याइतकी. महापौर ला गार्डिया यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या एचआयपीचे काम १९४७ मध्ये सुरू झाले होते. तेथे भांडण टक्केवारीचे नसून योजनेचे असते. निवृत्तांना मेडिकेअर ॲडव्हान्टेज (ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचे खासगी कंपन्यांनी चालवलेले रूप) योजनेत हलवण्याचा २०२१ चा निर्णय ते न्यायालयात घेऊन गेले. जून २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नगराच्या बाजूने कौल दिला, तरी महापौर ॲडम्स यांनी ती योजना पुढे न नेण्याचे जाहीर केले.

सरसकट टक्केवारीत एक उघड अन्याय आहे. हप्त्याच्या २० टक्के म्हटले की बागेतला माळी आणि मुख्य अभियंता सारखीच रक्कम भरतात. न्यू जर्सीच्या २०११ च्या कायद्याने (प्रकरण ७८) म्हणून पगारानुसार टप्पे पाडले. कुटुंबविम्यासाठी सर्वांत कमी पगाराला हप्त्याच्या ३ टक्के, सर्वांत जास्त पगाराला ३५ टक्के. ही कपात चार वर्षांत टप्प्याटप्प्याने लागू झाली. टप्पे न्याय्य होते, पण मोजणी हप्त्यावरच राहिली. हप्ता वाढला की कपातही वाढे, पगार वाढो न वाढो. शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी २०२० मध्ये वेगळा कायदा झाला आणि त्यात कपात पगाराच्या टक्केवारीत धरली गेली. नगरांच्या कर्मचाऱ्यांना तो लागू झाला नाही.