पृथ्वी फिरते, म्हणून विमान लवकर पोहोचतं?

न्यूयॉर्क ते लंडन अंतर सुमारे ५,५४० किमी. जाताना साधारण सहा-साडेसहा तास हवेत, येताना सात-साडेसात. ‘पृथ्वीच्या फिरण्यामुळे’ असं कारण वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते चूक आहे. पृथ्वी पूर्वेकडे फिरते. विमानाखालून ती सरकत असती, तर उलट लंडन दूर पळालं असतं! प्रत्यक्षात जमिनीबरोबर हवाही फिरते आणि हवेबरोबर विमानही.

खरं कारण जेट स्ट्रीम. ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा वारा हिवाळ्यात जास्त जोरात असतो. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किमी आणि वारा १५० धरा: जाताना जमिनीवरचा वेग १,०५०, वेळ ५ तास १७ मिनिटं; येताना ७५०, म्हणजे ७ तास २३ मिनिटं. बेरीज १२ तास ४० मिनिटं. वारा नसता तर सुमारे १२ तास १९ मिनिटं. म्हणजे जाता-येता हिशेब फिटतो, हेही खरं नाही. विरुद्ध वारा विमानाला जास्त वेळ अडवतो. म्हणून अटलांटिकवरचे हवाईमार्ग वारा पाहून रोज नव्याने आखतात.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. त्यांची नुसती वजाबाकी करू नका. दोन्ही शहरांच्या घड्याळांतला साधारण पाच तासांचा फरक जाताना वजा करा, येताना मिळवा. आलेल्या वेळेत धावपट्टीपर्यंतची रखडपट्टीही धरलेली असते.