‘नसेल’ आणि ‘नसतं’ यांच्यामधलं इंग्रजी

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस शहरात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या झाली. संशयित ली हार्वी ओस्वाल्ड पकडला गेला, पण दोनच दिवसांत त्याचाही खून झाला. खटला उभाच राहिला नाही. या घटनेवरून अर्नेस्ट ॲडम्स या तत्त्वज्ञाने १९७० मध्ये वाक्यांची एक जोडी मांडली. आज ती साधारण अशी सांगतात:

‘इफ ओस्वाल्ड डिडन्ट किल केनेडी, समवन एल्स डिड.’

‘इफ ओस्वाल्ड हॅडन्ट किल्ड केनेडी, समवन एल्स वुड हॅव.’

पहिलं वाक्य कुणीही मान्य करील. हत्या झालेली आहे, म्हणजे मारणारा कुणीतरी असणारच. दुसरं मात्र भलताच दावा करतं: ओस्वाल्ड चुकला असता तर दुसरा मारेकरी तयारच होता. त्याला पुरावा लागेल. मराठीत हा फरक ‘नसेल’ आणि ‘नसतं’ यांच्या फेरात मावतो. ‘त्याने मारलं नसेल, तर दुसऱ्या कुणी मारलं’ आणि ‘त्याने मारलं नसतं, तर दुसऱ्या कुणी मारलं असतं.’ मुलांना इंग्रजी ‘इफ’च्या वाक्यांच्या नियमांचा तक्ता पाठ करायला लावण्याआधी ही जोडी मोठ्याने वाचून दाखवावी, असं मला मनापासून वाटतं. नसेल–नसतं ज्याला कळतं, त्याला मूळ गोष्ट आधीच कळलेली असते.

आता दुसऱ्या इंग्रजी वाक्यातला ‘हॅड’ येतो कुठून? ‘इफ शी लेफ्ट टुमॉरो’ हे शुद्ध इंग्रजी आहे. क्रियापद भूतकाळी आणि काळ मात्र उद्याचा! म्हणजे इथला भूतकाळ घड्याळातला नाही. ‘ही गोष्ट वास्तवापासून लांबची धरा’ एवढंच तो सांगतो. मग खरोखर कालची गोष्ट बोलायची झाली तर? भूतकाळाचं एक पाऊल वास्तवापासून दूर जाण्यात खर्च झालेलं असतं, म्हणून काळात मागे जायला दुसरं पाऊल टाकावं लागतं: ‘इफ शी हॅड लेफ्ट’. वाक्याच्या दुसऱ्या अंगातही हाच हिशेब आहे. ‘वुड’ हे ‘विल’चं भूतकाळी रूप. ते आणखी मागे सरकू शकत नाही, म्हणून पुढचं काम ‘हॅव’ करतो: ‘वुड हॅव’.

मराठीने ही दोन कामं वेगळी ठेवली आहेत. घडलेल्याला ‘होता’, न घडलेल्याला ‘असता’. शिवाय ‘कळलं असतं तर आलो असतो’ यात दोन्हीकडे तेच ‘असणे’, म्हणून आपल्याकडून सहज ‘इफ आय वुड हॅव नोन’ निघून जातं. अमेरिकेत बोलताना असं म्हणणारे बरेच आहेत. लिहिताना मात्र ती चूकच धरतात.

‘हॅड’ आला म्हणजे गोष्ट घडलीच नाही, असं शाळेत शिकवतात. तेही पूर्ण खरं नाही. ॲलन रॉस अँडरसन या तर्कशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये दिलेल्या उदाहरणाचा आशय असा: ‘जोन्सने आर्सेनिक घेतलं असतं, तर आत्ता दिसताहेत नेमकी तीच लक्षणं दिसली असती.’ हे वाक्य डॉक्टरच्या तोंडी घालून पाहा. विष घेतलंच नाही, असं तो म्हणत नाही. उलट, विष घेतल्याची शंका तो याच वाक्याने पुढे आणतो.