पार्श्वभूमी : माळढोकचं अभयारण्य इतकं का आक्रसलं?

1979 साली महाराष्ट्र सरकारने सोलापूर आणि अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यांत माळढोक या गवताळ माळावरच्या पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर केलं. क्षेत्र होतं सुमारे 8,496 चौरस किलोमीटर. एवढ्या हद्दीत वनखात्याची जमीन थोडी, बाकी सगळी शेतं, गावठाणं, रस्ते, बाजाराची गावं. माळढोकचं नाव काढताच त्या भागातला शेतकरी अजून वैतागतो, त्याचं मूळ या आखणीत आहे.

त्याआधीची वर्षं मात्र आशेची होती. 1972 च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात गवताची कुरणं राखली गेली. चराईला आळा बसला, गवत उभं राहिलं आणि माळढोक तिथे विणीसाठी येऊ लागले. मादी साधारणपणे वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्यामुळे तिला वर्दळ नसलेला मोकळा माळ लागतो. तो या छोट्या कुरणांनी दिला. हा पक्षी थोड्या, पण नीट राखलेल्या गवतावर तगतो, हे तेव्हाच डोळ्यांसमोर होतं.

सरकारने मात्र पक्षी जिथे जिथे उडत जाईल तो अख्खा मुलूखच हद्दीत घेतला. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्याच्या कलम 20 नुसार अभयारण्याची अधिसूचना निघाली की आतल्या जमिनीवर वारसाहक्काखेरीज नवा हक्क निर्माण होत नाही. लोकांचे हक्क तपासून निकाली काढायची तरतूदही त्याच कायद्यात आहे, पण ते काम रेंगाळलं. परिणाम असा की बाप-आज्याची जमीन असूनही मुलीच्या लग्नासाठी एकर-दोन एकर विकायचं म्हटलं तरी व्यवहार अडायचा. बिगरशेती परवानगी अडायची, कारखाना अडायचा. ज्या शेतकऱ्याने जन्मात माळढोक पाहिला नाही, त्याच्या लेखी हा पक्षी म्हणजे तलाठ्याकडची अडचण झाला. हा राग मला रास्त वाटतो. त्याचं खापर पक्ष्यावर फुटलं, याचं दुःख होतं.

क्षेत्र कमी करण्याची मागणी लोकप्रतिनिधींनी उचलून धरली. पण 2000 नंतर सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय अभयारण्याची हद्द बदलणं शक्य नव्हतं. तज्ज्ञांची समिती, न्यायालयाची मंजुरी असे टप्पे पार करत 2012 च्या सुमारास ते सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आलं.

तोवर हद्दीच्या आत-बाहेर बरंच काही उलटून गेलं होतं. उजनी धरणाचं पाणी आलं, ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला. पावसावरच्या ज्वारी-हरभऱ्याच्या रानात माळढोकला टोळ, नाकतोडे मिळायचे, उसात तो उतरतही नाही. वनीकरणाच्या नावाखाली माळावर झाडंही लावली गेली. दूरवर नजर टाकून धोका ओळखणाऱ्या या पक्ष्याला झाडी नकोशी असते, पण आपल्या नियोजनात जंगल म्हणजे झाडं, हे समीकरण घट्ट बसलेलं आहे. नान्नजला आता माळढोक दिसलाच तर एखाददुसरा.

देशभराचं चित्रही असंच. 1969 मध्ये सुमारे 1,260 माळढोक असल्याचा अंदाज होता, आता दीडशेही उरलेले नाहीत. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी राष्ट्रीय पक्षी म्हणून त्याचं नाव सुचवलं होतं, 1963 मध्ये तो मान मोराला मिळाला. उरलेले बहुतेक पक्षी राजस्थानात आहेत. तिथे 2019 पासून जैसलमेर जिल्ह्यातल्या सम येथे बंदिस्त प्रजननाचा कार्यक्रम चालू आहे. वजनदार शरीर आणि समोरचं अंधुक दिसणं, त्यामुळे हा पक्षी विजेच्या तारांवर आदळून मरतो. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अधिवासातल्या तारा भूमिगत करायला सांगितल्या, मार्च 2024 मध्ये सौरऊर्जेची गरज आणि तांत्रिक अडचणी लक्षात घेऊन तो सरसकट आदेश बदलला आणि तज्ज्ञ समिती नेमली.

समला वाढलेली पिल्लं मोकळी सोडायची तर गवताळ माळ हवेत. सरकारी नोंदींत असे कितीतरी माळ आजही ‘पडीक’ म्हणून लागलेले आहेत आणि प्रकल्पासाठी जागा शोधायची वेळ आली की पहिलं बोट त्यांच्यावरच ठेवलं जातं.