पापलेटची पट्टी: १३५ मिलिमीटरमागचं गणित

सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा ‘राज्य मासा’ झाला आणि त्याची भरपूर बातमी झाली. त्याच वर्षाच्या अखेरीला राज्य सरकारने ५४ जातींच्या सागरी मासळीसाठी किमान लांबी ठरवून दिली, तिच्याकडे मात्र मासेखाऊंचं फारसं लक्ष गेलं नाही. खरं तर पापलेटच्या दृष्टीने मोठी घटना ही दुसरी. ठरलेल्या मापापेक्षा लहान मासळी पकडायची नाही आणि विकायचीही नाही, असा हा नियम. पापलेटचं माप १३५ मिलिमीटर, बोंबलाचं १८०, सुरमईचं ३७०. यामागे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शिफारशी आहेत. केरळने हा रस्ता २०१५ मध्येच धरला होता, तोही फक्त १४ जातींपासून.

१३५ मिलिमीटर म्हणजे मनगटापासून मधल्या बोटाच्या मधल्या पेरापर्यंत. बाजारात वाट्यावर विकायला मांडलेली पिल्लं पाहिली असतील, तर त्यांतली बरीचशी या मापात बसत नाहीत हे लगेच कळेल.

एखाद्या माशाचं माप ठरवताना शास्त्रज्ञ आधी एकच प्रश्न विचारतात: मादी पहिल्यांदा अंडी घालते तेव्हा केवढी असते? त्यासाठी वर्षभर वेगवेगळ्या बंदरांवरून मासे आणायचे, मोजायचे, पोट फाडून गाबोळी तपासायची. एका जातीच्या सगळ्या माद्या एकाच लांबीला वयात येत नाहीत. काही लवकर येतात, काही उशिरा. ज्या लांबीला निम्म्या माद्या वयात आलेल्या असतात, ती लांबी अभ्यासात फार महत्त्वाची मानतात. कायद्यातलं किमान माप हे मात्र नावाप्रमाणेच किमान असतं. त्याच्या वर गेलेल्या प्रत्येक मादीने एकदा तरी अंडी घातलेली असतील, असं त्यातून निघत नाही.

हे आकडे दुसऱ्या देशाकडून उसने आणता येत नाहीत. आपल्या पापलेटला पुस्तकांत वर्षानुवर्षं ‘पॅम्पस आर्जेन्टियस’ म्हटलं गेलं. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांतून दिसलं की भारतीय किनाऱ्यावरचा मासा वेगळा आहे, ‘पॅम्पस कँडिडस’. मग चीनच्या समुद्रातल्या पापलेटची वाढ मोजून पालघरच्या पापलेटचा कायदा कसा करणार?

पिल्लं मारण्याचा तोटा दुहेरी असतो. पुढची पिढी घटते हा एक. दुसरा निव्वळ वजनाचा, आणि मला तो जास्त पटवून देण्याजोगा वाटतो. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं, कारण तो रुंदीला आणि जाडीलाही वाढतो. १३५ मिलिमीटरचं पापलेट २७० मिलिमीटरचं झालं तर एका माशामागे आठपट मासळी. त्यात पापलेटचा भाव वजनाच्या प्रतीवर ठरतो. मोठ्या पापलेटला किलोमागेच कितीतरी जास्त दर मिळतो. वाढायला सोडलेली सगळीच पिल्लं काही जगत नाहीत, काही मोठ्या माशांच्या पोटात जातात. तेवढी वजावट करूनही हिशेब बहुधा थांबणाऱ्याच्याच बाजूने झुकतो.

मग लोक थांबत का नाहीत? इथे जाळ्यांकडे यावं लागतं.

सातपाटीसारख्या बंदरांचं पापलेटचं खास जाळं म्हणजे दालदा. हे पाण्यात भिंतीसारखं उभं राहतं आणि प्रवाहाबरोबर वाहतं. मासा आसात, म्हणजे जाळ्याच्या छिद्रात, डोकं घालतो आणि अडकतो. पिल्लू आरपार निघून जातं. म्हणजे आस मोठा ठेवला की निवड जाळंच करतं, पट्टी लागत नाही. डोल जाळ्याचं तसं नाही. ही समुद्रात एका जागी रोवलेली लांब पिशवी. भरती-ओहोटीच्या ओढीने जे आत येईल ते शेवटच्या बारीक आसांच्या टोकात जमतं. बोंबील, मांदेली, जवळा यांसाठी आस बारीक ठेवणं भागच आहे. मोठा केला तर जवळा हाती लागणारच नाही.

पापलेटची अडचण त्याच्या अंगातच आहे. मासा चपटा आणि उभट, शरीराची उंची लांबीच्या निम्म्याहून जास्त. शिडशिडीत बोंबील ज्या फटीतून सुटतो तिथे त्याच लांबीचं पापलेट आडवं येतं. ट्रॉलरच्या जाळ्यात तर ताण बसला की शंकरपाळ्याच्या आकाराचे आस मिटतात, म्हणून पिशवीच्या टोकाला चौरस आसांचा भाग लावायचा आग्रह धरला जातो. चौरस आस ताणाखालीही उघडे राहतात. पण त्याचा फायदा गोलसर अंगाच्या माशांना जास्त, पापलेटला तितका नाही.

एवढं लक्षात घेतलं की १३५ मिलिमीटरच्या नियमाची मर्यादा दिसते. जाळं होडीत ओढून घेतलं तेव्हा पिल्लू मेलेलंच असतं. ते पाण्यात परत टाकून समुद्राला मासा मिळत नाही. धक्क्यावर पट्टी लावणारा अधिकारी मेलेला मासा मोजतो. तरी मी या नियमाला निरुपयोगी म्हणणार नाही, कारण तो समुद्रापेक्षा बाजारावर चालतो. पिल्लं विकलीच जात नसतील, तर ज्या जागी आणि ज्या दिवसांत ती थव्याने सापडतात तिथे डिझेल जाळून कोण जाईल? फक्त यासाठी गिऱ्हाइकानेही वाटा उचलताना हात आखडायला हवा, आणि स्वस्त पापलेट दिसलं की आपला हात आखडत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पाण्यातलं पिल्लू वाचवायचं तर हंगाम हाच जास्त भरवशाचा नियम. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. बिगरयांत्रिक होड्यांना ती लागू नसते. पालघरच्या बाजूचे पारंपरिक मच्छीमार गेली अनेक वर्षं ही बंदी निदान १५ ऑगस्टपर्यंत लांबवा म्हणून मागणी करत आलेत. ऑगस्टच्या सुरुवातीला जाळ्यात येणारं पापलेट अजून कोवळं असतं, आणखी काही दिवस मिळाले तर ते वजन धरेल, असं त्यांचं म्हणणं. पूर्वी नारळी पौर्णिमेनंतरच होड्या लोटायची रीत होती, तिचाही ते दाखला देतात.

पण बंदी एकट्या महाराष्ट्राने वाढवून भागत नाही. राज्याचा अधिकार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा तेवढ्याच पाण्यात चालतो. पापलेटचे थवे मात्र ही हद्दही पाळत नाहीत आणि गुजरातची सीमाही. शेजारच्या राज्याच्या नौका त्याच थव्यामागे आधी निघाल्या, तर इथला थांबलेला मच्छीमार फक्त आपलं नुकसान करून घेतो. म्हणून दोन्ही राज्यांची तारीख एक असावी आणि पापलेटचं मापही एकच असावं, ही मागणी विज्ञानाच्या दृष्टीने अगदी साधी आहे. ती मान्य करून घेणं मात्र दोन सरकारांच्या, ट्रॉलरमालकांच्या आणि डोलवाल्यांच्या वाटाघाटींवर अडलेलं असतं.