रंगाच्या बाटलीशिवाय शिपाई रंगवायचे तर

नमस्कार,

आमच्याकडून लढाईच्या खेळाचे शिपाई घेऊन गेलेल्यांचा आठवड्याभरात हमखास फोन येतो: "शिपाई तर घेतले, आता रंग कोणते घेऊ?" अशा छोट्या शिपायांसाठीचे (मिनिएचरचे) खास अ‍ॅक्रिलिक रंग सहसा १७-१८ मिलीच्या बाटलीत येतात, बहुतेक बाहेरदेशचे असतात, आणि एका पलटणीला सहज आठ-दहा छटा लागतात. त्यात आपला नागपूरचा मे. पारा ४५ च्या घरात गेला की रंग शिपायापर्यंत पोचायच्या आधी ब्रशच्या टोकावरच वाळतो. पुष्कळांची पलटण मग तशीच राखाडी, डब्यात पडून राहते. ते आम्हाला बघवत नाही, म्हणून हे पत्रक. मुलांच्या चित्रकलेच्या पिशवीत जे सामान असतं, त्यातून पलटण छान उभी राहते.

आधी प्रायमर

प्रायमर म्हणजे रंगाच्या आधी मारायचा पहिला थर. इथे काटकसर करू नका. गुळगुळीत प्लॅस्टिकवर पेन्सिल नुसती घसरते, खडूची पूड बोट लावताच निघून येते. मॅट प्रायमरची बारीक खरखर असली की दोन्ही धरून राहतात. रेझिनचे शिपाई आधी साबणाच्या पाण्यात धुवा, कारण साच्यातून सुटावेत म्हणून लावलेला तेलकट थर त्यांच्यावर राहिलेला असतो. स्प्रे उन्हाळ्यात पहाटेच मारा. दुपारी मारला तर थेंब हवेतच वाळतात आणि शिपायाच्या तोंडावर रव्यासारखे दाणे येतात. पुढच्या सगळ्या कामासाठी पांढरट किंवा फिका राखाडी प्रायमर बरा. फक्त बंदुका, तोफा आणि चिलखतांना काळा.

शाई आणि पेन्सिल, ही मुख्य जोडी

वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक घ्या. कॅमलिनची कोणत्याही स्टेशनरीत मिळते. एक थेंब शाई, पाच-सहा थेंब पाणी, आणि काडीच्या टोकाने भांडी घासायच्या लिक्विडचा किंचित स्पर्श. हे पाणी शिपायावर सोडलं की आपोआप घड्यांत, पट्ट्यांखाली, बोटांच्या मध्ये जाऊन बसतं आणि उंचवटे फिके राहतात. सावली शिपायाच्या घडणीतूनच पडते, तुम्ही फक्त साचलेला जादा थेंब टिपून घ्यायचा. ब्रश जुना वापरा आणि लगेच धुवा, कारण ही शाई एकदा वाळली की केस दगडासारखे होतात. फाउंटन पेनात भरायची शाई मात्र घेऊ नका. ती पाणी लागताच पसरते आणि उजेडात उडते.

शाई पूर्ण वाळली की रंगीत पेन्सिल. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, आठवतं? तेच करायचं आहे, फक्त कागद नाही. पेन्सिल टोकावर उभी न धरता आडवी धरा आणि शिशाची बाजू फेट्यावरून हलकेच फिरवा. शिसं फक्त घडीच्या माथ्याला लागतं, खोबणीत जातच नाही. २८ मिमीच्या शिपायाच्या फेट्याची घडी अर्ध्या मिलिमीटरचीही नसते. तिथे ब्रशने रेघ ओढायला वर्षाचा सराव लागतो, पेन्सिलने पहिल्या संध्याकाळी जमतं. हात थरथरणाऱ्या आजोबांनाही जमतं. आमच्या दृष्टीने या सगळ्या सामानाचा सर्वात मोठा फायदा हाच, पैशांची बचत त्यानंतर.

आमच्याकडे सीताबर्डीची लढाई मांडणारी मंडळी येतात: २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७, दोन टेकड्या, एकीकडे भोसल्यांच्या फौजेतले अरब, दुसरीकडे कंपनीची मद्रास पलटण. लाल कोटांना पांढऱ्या प्रायमरवर पाणी घातलेली लाल वॉटरप्रूफ शाई द्या, मग कडांवर नारिंगी पेन्सिल. गुलाबी नको, त्याने कोट विटका दिसतो. छातीवरचे पांढरे पट्टे पांढऱ्या पेन्सिलने. डोळे आणि मिशा ०.०५ च्या पिगमेंट लायनरने, म्हणजे अगदी बारीक टोकाच्या ड्रॉइंग पेनने. सरदाराच्या अंगरख्याची जरी सोनेरी जेल पेनने ठिपके ठिपके देत काढा. सरळ रेघ ओढली तर ती पिवळी पट्टी वाटते, ठिपक्यांना जरीसारखी लकाकी येते.

शाळकरी मुलांनी आधी तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलावर हात बसवावा. लाकूड मुळातच पेन्सिल धरतं आणि बैल मोठा असतो.

कशाने काय विरघळतं

एवढं एक लक्षात ठेवलं तर बाकीचं पत्रक हरवलं तरी चालेल. वरचा थर खालच्याला विरघळवणारा नको. रंग टिकावा म्हणून वरून पारदर्शक व्हार्निशचा थर देतात. वॉटरकलर पेन्सिलीवर ब्रशने पाण्याचं व्हार्निश फिरवलं तर रंग ब्रशबरोबर निघून येतो, म्हणून तिथे आधी स्प्रे व्हार्निश. परमनंट मार्करचं याच्या उलट: पाण्याला तो दाद देत नाही, पण स्प्रे व्हार्निशमधल्या द्रावकात विरघळतो. आम्ही बारा घोडेस्वारांची लगाम-खोगिरं लाल मार्करने रंगवली होती. तीन संध्याकाळींचं काम. व्हार्निश मारल्यावर पाच मिनिटांत लाल रंग घोड्यांच्या पोटापर्यंत उतरला आणि बाराही घोडे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. मार्करच हवा असेल तर पाण्याचा अ‍ॅक्रिलिक पेंट मार्कर घ्या, वाळल्यावर तो हलत नाही.

नेलपॉलिश प्लॅस्टिकच्या शिपायावर कधीच नको, त्याचं द्रावक प्लॅस्टिकलाच खातं. ऑइल पेस्टलही नको, ते कधी पुरतं वाळत नाही.

धातू, धूळ, गंज

८बी पेन्सिलीचं शिसं सँडपेपरवर घासून पूड करा, आणि काळ्या केलेल्या बंदुकीच्या नळीवर किंवा साखळी-चिलखतावर बोटाने चोळा. खऱ्या पोलादासारखी चमक येते. चंदेरी रंगाची येते त्याहून आम्हाला ही जास्त आवडते. मात्र मॅट व्हार्निश तिला मारून टाकतं, म्हणून हे काम व्हार्निशनंतर, सगळ्यात शेवटी.

सॉफ्ट पेस्टलची पूड धुळीसाठी. गंजासाठी तर गेरूच घ्या: गंज म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, आणि गेरूचा लाल रंगही त्याचाच. पायांना लागलेल्या चिखलासाठी आपली काळी माती वाळवून, कापडातून गाळून घ्या. पूड ब्रशने टेकवायची, घासायची नाही, आणि वर आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा एक थेंब सोडायचा. तो उडून जातो, पूड बसते. जवळ दिवा-उदबत्ती नको, नाकाला मास्क हवा. हळद वापरू नका. पहिल्या दिवशी सुरेख दिसते, पण उन्हात उडते.

कूलर

पूड लावताना कूलर बंद करा, नाहीतर सगळी पूड भिंतीवर जाईल. व्हार्निश मारतानाही तो बंदच हवा. ओलसर हवेत मॅट व्हार्निश पांढुरकं होतं आणि तयार शिपाई धुक्यात उभा असल्यासारखा दिसतो. पावसाळ्यात स्प्रे करायचा झाल्यास कोरडा दिवस बघा आणि आधी एकाच शिपायावर मारून तासभर थांबा.

प्रायमर मारलेले दोन-तीन शिपाई आम्ही गल्ल्याजवळ ठेवले आहेत. पेन्सिल किंवा मार्कर घेण्याआधी त्यांच्यावर घासून बघा. घरची पेन्सिलपेटी घेऊन आलात तरी चालेल, त्यातली कोणती धरते ते तिथेच कळेल.